चूकभूल द्यावी घ्यावी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपणांस जमाखर्च वाचून दाखवतो. यंदाचा लेखापरीक्षित ताळेबंद याच अहवालाच्या शेवटच्या पानांवर छापलेला आहे, तो आपण सवडीने पाहालच. आज मात्र अध्यक्षांच्या अनुमतीने एका वेगळ्या जमाखर्चाविषयी बोलणार आहे. तो रुपयांचा नाही. मूत्रपिंडाच्या विकारांवर आयुष्यभर संशोधन केलेल्या एका डॉक्टरांच्या शोधनिबंधांचा आणि जगाने त्या निबंधांची जी दखल घेतली तिचा तो हिशेब आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रातले मला जे कळते ते आमच्या डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून सांगितलेले. तेव्हा मी बोलणार आहे तो हिशेबनिसाच्या दृष्टीने, हे आपण ध्यानी घ्यावे.

या विषयाकडे वळण्यास निमित्त झाले आपल्या एका जुन्या देणगीदारांच्या प्रश्नाचे. गतवर्षी अंदाजपत्रक पाहताना प्रयोगशाळेची संगणकप्रणाली आणि वैद्यकीय नियतकालिके या बाबींवर त्यांचे बोट थांबले. ते म्हणाले, ‘‘प्रशासक, परदेशी संशोधकांचे निबंध वाचण्यासाठी आणि यंत्रातून निराळा कागद छापून घेण्यासाठी हा खर्च कशाला? त्यात भर घालून आणखी एक डायलिसिसचे यंत्र घेतले असते तर रुग्णांच्या उपयोगी पडले असते.’’ प्रश्न कळकळीचा होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नव्हते. ते आज सविस्तर देतो.

चार कागद आणि एक प्रश्न

काही वर्षांपूर्वी एक तरुण बिलात सवलत मागण्यासाठी माझ्या कार्यालयात आला होता. त्याच्या मातोश्री निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मधुमेह जुना. पायांवर सूज, उलट्या आणि धाप अशा अवस्थेत त्यांना आणले होते आणि दुसऱ्याच दिवशी डायलिसिस सुरू करावे लागले होते. सवलतीचा अर्ज मी मंजूर केला. तो उठला नाही. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार कागद काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडले. वयाच्या ६१व्या वर्षापासून ६४व्या वर्षापर्यंत दरवर्षी केलेल्या रक्ततपासणीचे ते अहवाल होते, आणि चारही आपल्याच प्रयोगशाळेचे होते. क्रिएटिनीनचे आकडे होते अनुक्रमे १.१, १.२, १.३ आणि १.४. प्रत्येकापुढे छापले होते : ‘सामान्य मर्यादा ०.६ ते १.४’. एकाही आकड्याखाली रेघ नव्हती, एकाही आकड्यापुढे तारा नव्हता. चार वर्षे सारे ठीक आहे असे पाहून आईंनी पुढची चार वर्षे तपासणीच केली नाही. सांधेदुखीच्या गोळ्या मात्र चालू होत्या.

तो मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, यांतल्या कुठल्या कागदावर लिहिले होते, की आईची किडनी जाते आहे?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रयोगशाळेने मोजमाप अचूक केले होते. यंत्र बिघडलेले नव्हते, कोणी हयगय केलेली नव्हती. पण तो छापील नमुना वर्षानुवर्षे तसाच चालत आला होता आणि त्याच्या छपाईच्या मंजुरीवर सही माझी होती.

त्या संध्याकाळी मी आमच्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना गाठले. त्यांनी वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनीन हे तीन आकडे एका सूत्रात घालून दाखवले. आज जे सूत्र जगभर वापरले जाते त्यात तेच चार कागद घातले, तर मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचे अनुमान निघते ते असे : ५७, ५१, ४६, ४२. साठाच्या खालचा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर त्यास मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार म्हणतात. म्हणजे पहिला कागद आला त्याच वर्षी सावध होण्याचे कारण होते. नंतरचे तीन कागद जिन्याच्या पायऱ्यांसारखे खाली उतरत होते. आम्ही ‘सामान्य’ असे छापून चारही वेळा ते त्यांच्या हाती दिले होते.

एकाच आकड्याचे दोन अर्थ

हे असे का होते, ते आमच्या डॉक्टरांनी मला समजावले तसे थोडक्यात सांगतो. क्रिएटिनीन हा स्नायूंतून रोज निघणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड तो रक्तातून गाळून बाहेर टाकते. मूत्रपिंड मंदावले की तो रक्तात साचतो. परंतु रक्तात तो किती आढळेल हे मूत्रपिंडाप्रमाणेच स्नायूंवरही अवलंबून असते. पंचविशीतल्या धडधाकट पुरुषाचे क्रिएटिनीन १.३ असले, तर त्याच्या मूत्रपिंडाच्या क्षमतेचे अनुमान मिनिटाला सुमारे ७८ मिलिलिटर निघते. सत्तरीच्या स्त्रीचे क्रिएटिनीन तेच १.३ असेल, तर अनुमान निघते सुमारे ४४. आकडा एक, अर्थ दोन. शिवाय मूत्रपिंडाची निम्मी शक्ती खर्ची पडेपर्यंत हा आकडा पुष्कळदा छापील मर्यादा ओलांडतच नाही.

खरी क्षमता मोजता येते, परंतु त्यासाठी शरीरात विशिष्ट द्रव्य टोचून काही तास रक्त व लघवीचे नमुने घ्यावे लागतात. हे प्रत्येक रुग्णासाठी करणे कोणत्याही रुग्णालयास शक्य नाही. म्हणून साध्या रक्ततपासणीवरून खऱ्या क्षमतेचा विश्वासार्ह अंदाज देणारे सूत्र हवे होते. डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट या कॅनडातील डॉक्टरांनी १९७६ साली ‘नेफ्रॉन’ या नियतकालिकात असे एक सूत्र प्रसिद्ध केले. ते २४९ रुग्णांच्या आधारे रचलेले होते आणि हे रुग्ण प्रामुख्याने पुरुष होते. स्त्रियांसाठी १५ टक्के वजावट धरावी, असे लेखकांनी सुचवले होते. अनेक वर्षे जगाने याच सूत्रावर काम भागवले. औषधांची मात्रा ठरवताना त्याचा उपयोग आजही होतो.

दाखल्यांची खतावणी

ज्या संशोधकाविषयी मी बोलणार आहे त्यांचे नाव डॉ. अँड्र्यू लेव्ही. अमेरिकेतील बॉस्टन शहरातील टफ्ट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांनी मूत्रपिंडविकार विभागाचे नेतृत्व दीर्घकाळ केले. त्यांच्या नावावरील शोधनिबंध शेकड्यांनी मोजावे लागतात. परंतु निबंध किती लिहिले यापेक्षा त्यांची दखल किती घेतली गेली, हे संशोधनाच्या जगात अधिक मोलाचे मानतात. एखादा संशोधक नवा निबंध लिहितो तेव्हा आधी कोणाच्या कामाचा आधार घेतला, हे शेवटी नोंदवतो. अशी प्रत्येक नोंद म्हणजे आधीच्या निबंधास मिळालेला एक दाखला, ज्यास इंग्रजी शब्दानेच सायटेशन म्हणण्याचा प्रघात आहे.

या दाखल्यांची पद्धतशीर खतावणी मांडण्याची कल्पना यूजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांची. त्यांनी १९५५ साली ती ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या नावाने प्रत्यक्षात आणली. तिची प्रेरणा त्यांना वकिलांच्या ग्रंथांतून मिळाली होती. कोणत्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यात घेतला गेला, हे सांगणारी सूची अमेरिकेतील वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. पुढे २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच निर्देशांक’ सुचवला. ज्याच्या वीस निबंधांस प्रत्येकी किमान वीस दाखले मिळाले त्याचा निर्देशांक वीस, असे ते सोपे गणित आहे. डॉ. लेव्ही यांचा हा निर्देशांक शंभराच्या पुष्कळ पुढे गेलेला आहे.

आता हिशेबनीस म्हणून एक सावधगिरीची सूचना देतो. दाखल्यांचा मोठा आकडा पाहून हरखून जाऊ नये. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक दाखले मिळालेला निबंध कोणत्या थोर सिद्धान्ताचा असेल असे आपणांस वाटते? तो १९५१ साली लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला, द्रावणातील प्रथिने मोजण्याची रीत सांगणारा निबंध आहे. ‘नेचर’ नियतकालिकाने २०१४ साली मोजदाद केली तेव्हा त्याच्या खाती तीन लाखांहून अधिक दाखले जमा होते. जे रोजच्या वापराचे असते त्याचा उल्लेख वारंवार होतो. आपल्या घरातही वजनकाट्याचे नाव कोणी घेत नाही, पण दिवसातून दहा वेळा हात त्याकडेच जातो.

डॉ. लेव्ही यांचे सर्वाधिक गाजलेले निबंधही असेच, मोजण्याच्या साधनाविषयीचे आहेत.

चार नोंदी

त्यांच्या खतावणीतील चारच नोंदी मी आपणांपुढे ठेवतो.

पहिली नोंद १९९९ सालची. त्यापूर्वी अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला होता. आहारातील प्रथिने कमी केल्यास आणि रक्तदाब अधिक काटेकोर ठेवल्यास मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो का, हे त्यातून पाहायचे होते. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा मूळ प्रश्नाचे ठाम उत्तर काही हाती लागले नाही. व्यवहारात अशा उपक्रमास आपण तोट्याचा म्हणून बाजूस सारले असते. पण प्रयोगाच्या आरंभी १,६२८ रुग्णांच्या मूत्रपिंडांची खरी क्षमता काटेकोरपणे मोजून ठेवलेली होती. डॉ. लेव्ही व सहकाऱ्यांनी ती मोजमापे पुन्हा उघडली. १,०७० रुग्णांच्या आकड्यांवरून सूत्र तयार केले आणि उरलेल्या ५५८ रुग्णांवर ते पडताळून पाहिले. हा निबंध ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. आज त्याच्या खाती दहा हजारांहून अधिक दाखले आहेत.

दुसरी नोंद २००२ सालची. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराची व्याख्या आणि पाच टप्पे ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती तयार करणाऱ्या गटाचे अध्यक्ष डॉ. लेव्ही होते. तोवर एकाच अवस्थेला निरनिराळे डॉक्टर निरनिराळ्या नावांनी संबोधत. सर्वांच्या वह्यांत खात्यांची नावेच वेगवेगळी असतील तर एकत्र हिशेब कसा लागणार? या तत्त्वांनी ती अडचण दूर केली. त्यांवर टीकाही पुष्कळ झाली. वयपरत्वे ज्यांची क्षमता थोडी उतरली आहे अशा वृद्धांवर रोगाचा शिक्का बसतो, असा आक्षेप होता. पुढे २०१२च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांमध्ये तिसऱ्या टप्प्याचे ४५ या आकड्यावर दोन भाग केले गेले आणि लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या प्रमाणासही तितकेच महत्त्व देण्यात आले.

तिसरी नोंद २००९ सालची. पहिले सूत्र केवळ आजारी रुग्णांच्या आकड्यांवर रचलेले असल्यामुळे ज्यांची मूत्रपिंडे बऱ्यापैकी चांगली आहेत त्यांची क्षमता ते प्रत्यक्षाहून कमी दाखवी. म्हणजे निरोगी माणसांस रोगी ठरवण्याचा धोका होता. हे ध्यानात आल्यावर डॉ. लेव्ही आणि त्यांच्या गटाने दहा निरनिराळ्या अभ्यासांतील ८,२५४ व्यक्तींची मोजमापे एकत्र करून नवे सूत्र रचले आणि आणखी सोळा अभ्यासांतील ३,८९६ व्यक्तींवर ते तपासले. जुन्या सूत्राप्रमाणे अमेरिकेतील प्रौढांपैकी १३.१ टक्के लोकांस हा विकार असल्याचे दिसे. नव्या सूत्राने ते प्रमाण ११.५ टक्क्यांवर आले. स्वतःच्याच सूत्राने फुगवलेली रक्कम त्यांनी स्वतः कमी करून दाखवली. या निबंधाच्या खातीही दहा हजारांहून अधिक दाखले आहेत.

चौथी नोंद २०२१ सालची, आणि ती सर्वांत बोलकी आहे. आधीच्या दोन्ही सूत्रांत रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तरास एका ठराविक संख्येने गुणावे असे होते. २००९च्या सूत्रात त्यामुळे क्षमता सुमारे १६ टक्के अधिक दिसे. तेव्हा हाती असलेल्या मोजमापांत असा सरासरी फरक आढळला होता, म्हणून तो सूत्रात घातला गेला. पण कागदावर सोळा टक्के अधिक दिसल्याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो पाहा. अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत रुग्णाचा काळ मोजला जाण्यासाठी क्षमता २० वा त्याखाली यावी लागते. रक्ताचा आकडा तोच असूनही कृष्णवर्णीय रुग्ण त्या रेषेपाशी उशिरा पोहोचे. यावर वर्षानुवर्षे वाद झडला. अखेर २०२१ साली वंशाचा घटक वगळलेले सूत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्या लेखिका डॉ. लेस्ली इंकर आणि अखेरचे लेखक पुन्हा डॉ. लेव्हीच. जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतील प्रत्यारोपण केंद्रांना जुन्या याद्या तपासून अशा रुग्णांचा बुडालेला प्रतीक्षाकाळ भरून देण्याचे बंधन घालण्यात आले आणि हजारो रुग्णांच्या नोंदी त्यानुसार दुरुस्त झाल्या.

जमा आणि नावे

आता दाखल्यांच्या या खतावणीतला एक दोष सांगतो. तो मी वह्यांत आयुष्य घालवलेला माणूस असल्यामुळे मला चटकन दिसला. आपल्या वहीत जमेची बाजू निराळी आणि नावेची बाजू निराळी असते. दाखल्यांच्या खतावणीत अशी विभागणीच नाही. सूत्राचा वापर करणाऱ्याने दिलेला दाखला आणि सूत्र अन्यायकारक आहे असे सिद्ध करणाऱ्याने दिलेला दाखला, दोन्ही एकाच स्तंभात मिळवले जातात. डॉ. लेव्ही यांच्या निबंधांवर टीका करणाऱ्या प्रत्येक लेखानेही त्यांच्या खाती एकेक दाखला वाढवलाच. म्हणून केवळ बेरीज पाहून कोणाची थोरवी ठरवता येत नाही. नोंदी वाचाव्या लागतात.

आणि नोंदी वाचल्या की जे दिसते ते मला बेरजेहून मोठे वाटते. १९९९ची नोंद २००९ने दुरुस्त केली, २००९ची २०२१ने. दुरुस्ती करणाऱ्यांत मूळ लेखक स्वतः होते. आपल्याकडे दुकानदार बिलाच्या तळाशी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे छापतात. बहुतेकांसाठी ती केवळ रीत असते. येथे एका माणसाने ज्या कामामुळे त्याची जगभर कीर्ती झाली त्याच कामातील चूक वीस वर्षांच्या अंतराने पुन्हा हाती घेतली. लेखापरीक्षकाने दाखवलेली चूक मान्य करताना आपला जीव किती थोडा होतो, हे येथील प्रत्येक विश्वस्तास ठाऊक आहे.

ही दुरुस्ती आपल्यापर्यंतही येऊन पोहोचते. दक्षिण आशियातील माणसांची अंगलट, स्नायूंचे प्रमाण आणि आहार हे अमेरिकेतील लोकांहून वेगळे. मग तेथील सूत्र आपणांस जसेच्या तसे लागू पडेल का? कराचीतील नागरिकांच्या मूत्रपिंडांची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन याविषयीचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रचलित सूत्र तेथील लोकांची क्षमता प्रत्यक्षाहून अधिक दाखवते, असे त्यात आढळले आणि त्यासाठी सुधारित सूत्र सुचवण्यात आले. त्या निबंधाच्या लेखकांत डॉ. लेव्ही आणि डॉ. इंकर यांचीही नावे आहेत. म्हणूनच आमचे डॉक्टर सूत्राचा आकडा अंतिम निकाल मानत नाहीत. कृश प्रकृतीच्या, कमी स्नायू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तो आकडा फसवा असू शकतो. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि अचानक मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण यांना तर हे सूत्र लावतच नाहीत.

निबंध आणि कागद यांतील अंतर

आता पुन्हा त्या चार कागदांकडे येतो. त्या मुलाने ते माझ्यापुढे मांडले तेव्हा २००९चा निबंध जगभर गाजत होता, हजारो दाखले त्यास मिळाले होते. आमच्या डॉक्टरांना तो ठाऊक होता. समोर बसलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते त्याचा वापरही करीत. परंतु डॉक्टरांकडे न जाता नुसती तपासणी करून ‘सामान्य’ हा शब्द वाचून घरी परतणाऱ्या त्या मातोश्रींच्या हातात तो पोहोचला नव्हता. दाखल्यांच्या खतावणीत त्यांचे नाव कोठेही येणार नाही. एक रुग्ण वेळेवर सावध झाला तर कोणत्याही निबंधाच्या खाती एकही दाखला वाढत नाही, आणि सावध झाला नाही तर एकही कमी होत नाही. निबंधापासून कागदापर्यंतचे हे अंतर संशोधकाने कापायचे नसते. ते तुमच्या-माझ्यासारख्यांनी, संस्था चालवणाऱ्यांनी कापायचे असते.

त्या प्रसंगानंतर आम्ही छापील नमुना बदलला. आज आपल्या प्रयोगशाळेतून प्रौढ व्यक्तीच्या क्रिएटिनीनचा जो अहवाल बाहेर पडतो त्यावर वय व लिंग यांनुसार काढलेले क्षमतेचे अनुमान छापलेले असते, मागील तपासण्यांचे आकडे शेजारी असतात आणि अनुमान साठाखाली असल्यास ‘डॉक्टरांना दाखवावे’ अशी मराठीत सूचना असते. यासाठी संगणकप्रणाली बदलावी लागली. अंदाजपत्रकातील ती बाब हीच.

लवकर कळून उपयोग काय, असेही कोणी विचारील. पूर्वी या प्रश्नास बेताचेच उत्तर होते : रक्तदाब व साखर ताब्यात ठेवा, वेदनाशामक गोळ्या टाळा, विशिष्ट गटातील रक्तदाबाची औषधे घ्या. आज उत्तर अधिक आशादायक आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ४,३०४ रुग्ण होते. त्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत डापाग्लिफ्लोझिन ही गोळी दिली गेली. मूत्रपिंडाची क्षमता निम्म्याने घटणे, ते निकामी होणे अथवा मूत्रपिंड वा हृदयाच्या विकाराने मृत्यू येणे, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण गोळी न घेणाऱ्यांत १४.५ टक्के होते, ते घेणाऱ्यांत ९.२ टक्के झाले. या चाचणीत कोणास प्रवेश द्यायचा ते याच सूत्राने काढलेल्या क्षमतेवरून ठरले होते. २५ ते ७५ या दरम्यान क्षमता असलेले रुग्ण त्यात घेतले होते. त्या मातोश्रींचे चारही आकडे याच मर्यादेत बसत होते, हे माझ्या मनातून जात नाही.

देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर

आता आपल्या स्नेही देणगीदारांच्या प्रश्नाचा हिशेब पुरा करतो. डायलिसिसच्या रुग्णास सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर राहावे लागते. म्हणजे वर्षाला १५६ खेपा आणि ६२४ तास. सोबत येणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली रोजंदारी निराळी. एका यंत्रावर दिवसाला तीन पाळ्या धरल्या, सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार असे दोन गट केले, तर एका यंत्रावर सहा रुग्ण सामावतात. सातवा रुग्ण आला की त्यास थांबावे लागते. यंत्रावरील जागा रिकामी होते ती प्रत्यारोपण झाल्यावर, अन्यथा मृत्यूनंतर. जे सहा रुग्ण आज यंत्रावर आहेत त्यांच्यासाठी ते यंत्र म्हणजे प्राण आहे. त्यात काटकसर करण्याचा विचार आम्ही स्वप्नातही करणार नाही, आणि नव्या यंत्रासाठी आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचा विनियोग त्याच कामी होईल.

परंतु आपण केवळ यंत्रेच वाढवत राहिलो, तर सातव्या रुग्णासाठी दुसरे यंत्र आणि त्यापुढे आणखी असा हा खर्च कधीच संपणार नाही. सातवा रुग्ण यंत्रापर्यंत येऊच नये, अथवा दहा वर्षे उशिरा यावा, यासाठी केलेला खर्च हा त्याच यंत्रासाठी केलेला खर्च आहे, असे मी नम्रपणे सुचवतो. त्याची पावती मात्र आम्ही देऊ शकत नाही. जो रुग्ण आजारी पडलाच नाही त्याचे नाव कोणत्या नोंदवहीत लिहिणार?

उपस्थित कुटुंबीयांना माझी तीन विनवण्या आहेत. घरात कोणास मधुमेह अथवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा क्रिएटिनीनसोबत लघवीतील अल्ब्युमिनचीही तपासणी करून घ्या. जुने कागद टाकून देऊ नका, ते तारखेनुसार लावून ठेवा, कारण एकाच कागदातून न दिसणारी उतरण चार कागदांतून दिसते. आणि अहवालावर ‘सामान्य’ असे लिहिलेले असले, तरी डॉक्टरांना एकदा विचारा, ‘‘वयाच्या मानाने किडनीची क्षमता किती आहे?’’ हा प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत.

त्या मातोश्री आपल्या डायलिसिस विभागात अडीच वर्षे येत होत्या. शिक्षिकेची सवय म्हणून खाटेवर बसून त्या आमच्या परिचारिकांच्या मुलांच्या वह्या तपासून देत. नवा नमुना छापून आला तेव्हा पहिला कागद मी त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बारकाईने वाचला आणि सूचनेतील शुद्धलेखनाची एक चूक दाखवून म्हणाल्या, ‘‘एवढी दुरुस्त करा, मग ठीक आहे.’’ ती चूक आम्ही दुरुस्त केली. आज त्या हयात नाहीत. त्यांचा मुलगा दरवर्षी आपल्या निधीला न चुकता देणगी पाठवतो. नाव प्रसिद्ध न करण्याची त्याची अट आहे, ती मी पाळतो.

 आमच्या कामात आजही काही उणे राहिले असेल. ते आपण निःसंकोच दाखवून द्यावे, आम्ही ते दुरुस्त करू. चूकभूल द्यावी घ्यावी.